आजीचा लांब झालेला पाय

कल्पना कर, तुझी आजी वॉकर धरून उभी आहे आणि काही केल्या पुढे पाऊल टाकत नाही. मुंगी नावाच्या मुलीची आजी त्या सकाळी अशीच अडून उभी होती.

“खुब्याचं ऑपरेशन म्हणे! उजवा पाय लांब करून ठेवलाय माझा. चालले की डावीकडे कलते.”

व्यायाम करून घेणाऱ्या ताईंनी तिला पलंगावर निजवलं, सँडल काढल्या आणि टेपने पाय मोजले. “आजी, सुताइतकाही फरक नाही.”

“निजवून मोजता, म्हणजे लबाडी उघडी पडत नाही!”

“मग अनवाणी उभ्या राहा.”

“आणि घसरून दुसरा खुबा मोडून घेऊ? लग्न झाल्यापासून अनवाणी पाऊल टाकलं नाही मी. चपला शिवणाऱ्याची बायको आहे!” आजीने पाय पांघरुणात ओढून घेतले. “उद्या दवाखान्यात तक्रार करणार. आणि आजपासून चालणं बंद.”

ताईंचा चेहरा उतरला. जाताना त्या पुढच्या खोलीत थांबल्या. तिथे आजोबांचं दुकान होतं. “आजोबा, आता त्या बसून राहिल्या तर पाय कायमचा आखडेल. तुम्ही तरी समजवा.”

आजोबांनी सुईत नवा दोरा ओवला. एरवी गिऱ्हाइकाला गप्पांत गुंतवून ठेवणारा हा माणूस आठ दिवस खाली मान घालून टाके मारत होता.

मुंगीचा पहिला संशय ताईंच्या टेपवर. तिने आजोबांची पट्टी आणली आणि निजलेल्या आजीचे पाय स्वतः मोजले. सारखे! मग उभं राहिल्यावर कुठे बिघडतं?

ती पलंगाखाली वाकली. ऑपरेशननंतर आजोबांनी शिवलेल्या नव्या कोऱ्या सँडल तिथे होत्या. तिने टाचांना पट्टी लावली, पुन्हा लावली आणि सँडल घेऊन दुकानात धावली.

“आजोबा, उजवी टाच अर्धं बोट उंच आहे! तुमचा हात चुकला!”

आजोबांनी आधी मधलं दार लोटलं.

“हात नाही चुकला, पोरी. तिचा उजवा पाय मुळातच आखूड होता. लग्नापासून तिच्या प्रत्येक जोडीत मी गुपचूप एक थर जास्त घालत आलो. ती बिचारी जगाला सांगत फिरते, ‘यांच्या घरात आले आणि माझं लंगडणं आपोआप गेलं.’ डॉक्टरांनी पाय सारखे केले, पण हात जुन्या सवयीने चालला. आता थर काढला तर ती कारण विचारणार; कोणत्या तोंडाने सांगू तिला?”

मुंगीने पकड उचलली, टाचेखालचा थर उपटून काढला आणि सँडल घेऊन तडक आजीपुढे जाऊन उभी राहिली.

“आजी, दुकानात खेळताना हा तुकडा मीच चिकटवला होता. हवं तर दोन धपाटे घाल, पण आधी चालून दाखव.”