नऊ अर्ध्या चटया

किनुए वाकली आणि एकेका चटईला बोट लावत मोजू लागली. खोलीभर पसरलेल्या त्या चौकोनी, जाड चटयांना किनारसुद्धा नव्हती.

"नऊ," ती म्हणाली. "मी साडेचार चटया मावतील एवढी खोली मागितली होती."

"आई, या अर्ध्या अर्ध्या आहेत," सून चिहारु म्हणाली. "हल्ली अशाच घालतात. दोन मिळून एक. नऊ अर्ध्या म्हणजे चार पूर्ण आणि वर अर्धी."

"नऊ निम्मे साडेचार, तेवढं येतं गं मला. पण ज्याला सरळ साडेचार द्यायच्यात, तो नऊ तुकडे कशाला करील?"

दारात उभा असलेला योशिओ हसला. "तुला मासळीवाल्याचा संशय, आणि पोटच्या पोराचाही!"

"मासळीवाला निदान काटा समोर धरतो."

क्योतोच्या घराची किल्ली तिच्या कमरपट्ट्यात होती. तिथल्या साडेचार चटयांच्या खोलीत गेलेल्या नवऱ्याचा देव्हारा होता, आणि देव्हाऱ्यापुढं तिचं अंथरूण. तेवढीच खोली मुलाच्या या नव्या घरात मिळाली तर जुनं घर विकायचं, अशी बोली झाली होती. संध्याकाळी दलाल येणार होता.

"मोजल्यास ना? साडेचार म्हणजे साडेचार." योशिओनं हात पुढं केला. "आण किल्ली."

किनुएचा हात कमरेशी गेला. तिथंच थांबला.

"जरा आडवा हो बघू."

"काय?"

"या दोन अर्ध्यांवर. म्हणजे एका पूर्ण चटईवर. लग्नाआधी उन्हाळ्यात क्योतोला माझ्या खोलीत येऊन झोपायचास. तिथल्या एकाच चटईवर मावायचास, डोकं ते टाचा किनारीच्या आत. वर चार बोटं उरायची."

चिहारु खुदकन हसली. योशिओ हसला नाही. घड्याळाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, मग भिंतीला डोकं लावून आडवा झाला.

किनुए त्याच्या पायांशी गुडघे टेकून बसली. दुसरी अर्धी जिथं संपत होती, त्या रेघेवर तिनं तळहात ठेवला. टाचा रेघेच्या आत होत्या.

"मावलो की नाही?" तो छताकडे बघत म्हणाला.

"मावलास," ती हळूच म्हणाली. "आता गुडघे सरळ कर, बाळा."

मग योशिओनं सावकाश पाय लांब केले. दोन्ही टाचा आईच्या तळहातावरून घसरत तिसऱ्या चटईवर जाऊन टेकल्या.