पाण्याच्या घड्याळाखाली

“आजचा शेवटचा,” मिझुहो म्हणाली. “पुढच्या महिन्यापासून नका येऊ.”

पाण्याच्या आवाजात आपल्याला नीट ऐकू आलं नाही, असं तोकुनागाला आधी वाटलं. हामामात्सुच्या त्या मॉलमध्ये तीन मजले उंचावरून पाणी सुटत होतं. थेंबांचे आकडे बनत होते, वेळ दाखवत खाली येत होते आणि दगडावर आपटून फुटत होते. दोन वाजून गेले होते. कठड्यापाशी आठ वर्षांची चिनात्सु हात लांब करून आकडे झेलायला बघत होती. अस्तनी कोपरापर्यंत भिजली होती.

“कारण कळेल?”

“तिला सवय लागलीय. क्रीडादिनाला बाबा येणार म्हणून अख्ख्या वर्गाला सांगून आलीय. तिथे शिक्षक, इतर पालक, फोटो. मला ते नकोय.”

“सवय लागली म्हणून तोडायचं? दोन वर्षं एक महिना चुकवला नाही मी. अंगात ताप असताना आलोय.”

“उपकार केलेत का?”

बाकावरच्या आजीबाईंनी मान वळवली. मिझुहोनं त्यांच्याकडे बघून वाकून माफी मागितली आणि तोंडावरचं हसू तसंच ठेवून आवाज खाली आणला. “परदेशी बदली झाली म्हणून सांगा. तुमच्या तोंडून ऐकलं तर पटेल तिला.”

“म्हणजे खोटं मीच सांगायचं.”

“खोटं बोलायची लाज कधीपासून वाटायला लागली तुम्हाला?”

तोकुनागाची कानशिलं तापली.

“चारला घड्याळातल्या बाहुल्या नाचून झाल्या की मी आलेच,” असं म्हणून मिझुहो सरकत्या जिन्यानं वर निघून गेली. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

“काय म्हणत होती आई?” चिनात्सुनं विचारलं.

“काही नाही.”

“तुझे कान लाल झालेत.”

“थंडी आहे.”

“इथे? हीटर चालू आहे की.” तिनं ओला हात त्याच्या कोटाला पुसला. “बाबा, हे आकडे करतात कसे?”

“आकड्याची सगळ्यात खालची ओळ आधी सोडतात. मग तिच्यावरची, मग तिच्यावरची. सुटे थेंब असतात सगळे. आपल्याला आकडा दिसतो.”

“म्हणजे फसवतात.”

“फसवतात कसले? प्रत्येक थेंब आपल्या वेळेला येतो, एवढंच.”

ती बराच वेळ वर बघत राहिली.

मग त्यांनी नेहमीप्रमाणे मेलन सोडा घेतला. तो गेल्या वेळचं सगळं विसरला नव्हता. तुटलेल्या सायकलचं, वर्गातल्या रिनोसुकेच्या चोरट्या मांजराचं. ती नळीनं बर्फ ढवळत होती.

“मी जन्मले तेव्हा तू काय म्हणालास?”

“‘केवढा हा आवाज!’ तुझं रडणं दवाखान्याच्या जिन्यापर्यंत ऐकू येत होतं.”

“आईपण हेच सांगते. अगदी हेच.”

ग्लास रिकामा झाला तरी ती नळी ओढत राहिली. एरवी तो रागावला असता. आज ओढू दिलं. पलीकडे आकडे पडतच होते. कुणाला काही विचारत नव्हते. एवढा मोठा मॉल, एवढं पाणी, आणि थोपवायला एक बटण नाही. मिझुहोला एका वाक्यात सगळं संपवता येतं आणि आपल्याला साधं ‘नाही’ म्हणता येत नाही, या विचारानं त्याच्या हातातला कागदी रुमाल चोळामोळा झाला.

चार वाजत आले तेव्हा ती दोघं पुन्हा कठड्यापाशी आली. तोकुनागा गुडघ्यावर बसला.

“माझी बदली झालीय. ब्राझीलला.”

“खोटं.”

“खरंच.”

“आमच्या वर्गात दोघी ब्राझीलच्या आहेत. कुठलं गाव, सांग. मी विचारते त्यांना.”

त्याला एकही गाव आठवेना. चिनात्सुनं कठड्याला लाथ मारली, मग आणखी एक. “कधी परत येणार?”

“माहीत नाही.”

“तुला जायचंय?”

“नाही.” हे मात्र त्याच्या तोंडून इतक्या जोरात निघालं की आजूबाजूची दोन-तीन माणसं थबकली.

“मग नको ना जाऊस!”

“माझ्या हातात नाही ते.”

“मग कुणाच्या? आईच्या?”

तेवढ्यात संगीत सुरू झालं. घड्याळाच्या बाजूची दारं उघडली, ढोल वाजवणाऱ्या बाहुल्या बाहेर आल्या, कारंजी छतापर्यंत उसळली. माणसांनी फोन वर धरले. त्या हातांच्या पलीकडे, सरकत्या जिन्यावर, मिझुहोची राखाडी टोपी खाली येताना दिसू लागली.

चिनात्सु संतापली होती. तिनं त्याची कॉलर धरून त्याचा कान तोंडाशी ओढला आणि आई पोचायच्या आत भराभर बोलली.

“भाड्यानं बाबा पाठवणारी तुमची ती कंपनी आहे ना, त्यांना सांगा, आणि आईलाही. मी शेवटपर्यंत तुम्हाला खरे बाबाच समजत होते.”