नऊच्या पुढे

जावेने सांगितलेला उपाय फुकटातला होता आणि त्यात दोन पोरांच्या आईला फायदाच फायदा दिसत होता. राग आला की तोंड उघडायच्या आधी मोठ्याने दहापर्यंत मोजायचं. घर शांत राहतं आणि नंतर पोरांची माफी मागत बसावं लागत नाही. आईने उपाय अगदी मनावर घेतला. सांडलेलं दूध, भिंतीवरचा खडू, हरवलेला बूट, प्रत्येकासाठी मोजणी व्हायची. कधी राग सहावरच उतरायचा. बहुतेकदा मात्र दहापर्यंत टिकायचा, आणि मग जे बाहेर पडायचं ते तिसऱ्या घरात ऐकू जायचं. मागाहून ती दोघांना कुशीत घ्यायची, "चुकलं हं आईचं" म्हणायची. लेक मान डोलवायची. मिटलं, असं आई धरून चालायची. शिवाय साडेतीन वर्षांच्या पोरीला आकडे पाठ झाले, तो नफा वेगळाच.

बालवाडीत नाव घालायला गेल्यावर बाईंनी लेकीला विचारलं, "दहापर्यंत मोजता येतं का गं तुला?"

"येतं की!" आईच बोलली. "घरी रोजचा सराव आहे."

लेकीने खणखणीत आवाजात सुरुवात केली आणि नऊवर येऊन थांबली.

"अगं, म्हण की पुढे. आत्ता कशाला लाजतेस?"

लेक वळली. आईच्या मांडीवर बसलेल्या धाकट्या भावाचे दोन्ही कान तिने तळव्यांनी घट्ट झाकले आणि मग हळूच म्हणाली, "दहा."