भुकटीवाल्याचं स्थळ

उदगीर जिल्हा होणार अशी हूल उठली आणि दुकानदारांनी जुनी जिप्समची छतं पाडून नवी बसवायचा सपाटा लावला. पाडलेले तुकडे उचलून आणायचे, त्यावरचा कागद सोलायचा, गिरणीत दळायचे आणि खारावून चोपण झालेली जमीन सुधारायला ती भुकटी शेतकऱ्यांना विकायची, हा मन्मथचा धंदा. "लोकांची मोडकी छतं दळणाऱ्याला पोरगी कोण देईल?" ही त्याच्या आईची, उमादेवीची धास्ती.

पाहुणे यायच्या दिवशी तिनं टँकरचं राखून ठेवलेलं पाणी ओतून भुकटीनं पांढऱ्याफटक झालेल्या लेकाला घासून काढलं आणि बजावलं, "तू गप बस. मी बोलते."

चहा झाला. मुलीच्या वडिलांनी, शिवलिंगअप्पांनी विचारलं, "पोरगं काय करतंय, अक्का?"

"ऑफिसात हाय. खुर्चीवरचं काम. अंगाला धूळ म्हणून लागत न्हाई बघा."

अप्पांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि ते उठले.


"मग आम्ही दुसऱ्याच घरी आलो वाटतं, अक्का. दुष्काळात बोरचं खारं पाणी पाजून आमची समदी जमीन चोपण झाली. आम्ही तर भुकटीवाला जावई हुडकत होतो."