चालीआधीचं भांडण

“किल्ली कोनाड्यात ठेवलीय. निघालो मी.”

“नीघ.”

“अडवणार नाहीस?”

“नीघ म्हटलं ना.”

कामिलने मान हलवली. पेटी त्याच्यापुढेच होती, पण भाता अजून उघडलेला नव्हता. “न्हाय बसत. ‘नीघ’वर सूर थांबतच न्हाय. ह्यो ड्रायव्हर दुसरं कायतरी म्हणाय पायजे.”

“काय म्हणणार?” धैर्यशीलने विचारलं.

“ते तू सांग. शब्द तुझं, चाल माझी.”

मंगळवार पेठेतल्या त्या वरच्या खोलीत चार दिवस हेच चाललं होतं. धैर्यशील गाणी लिहायचा, कामिल चाली लावायचा, आणि कामिलची रीत जगावेगळी. चाल लावायच्या आधी तो गाण्यातल्या ओळी साध्या बोलण्यासारख्या पंचवीस वेळा म्हणून घ्यायचा, तेही मोठ्याने. माणसाचा आवाज रागात कुठे चढतो आणि कुठे बसतो हे कळल्याशिवाय त्याची बोटं पेटीवर जात नसत. हे गाणं भांडणाचं होतं, त्यामुळे चार दिवस दोघं नुसते भांडत होते.

नाटक होतं गगनबावड्याच्या एसटीवरच्या एका ड्रायव्हरचं आणि त्याच्या कंडक्टरचं. दोघांचा एकमेकांवर जीव असतो, कंडक्टरच्या घरचे त्याचं लग्न आजऱ्याला ठरवतात, आणि तो सामान बांधतो. रविवारी पहिला प्रयोग होता. धैर्यशीलने आईला एवढंच सांगितलं होतं की नाटक एसटीवर आहे. मायलेक खाली राहायचे, कामिल वर भाड्याने. आणि गेली सात वर्षं हे दोघे एकमेकांचे आहेत हे आईला ठाऊक नाही, अशी धैर्यशीलची समजूत होती. रविवारी तिने पहिल्या रांगेत बसावं असं त्याला फार वाटे, आणि ती बसली तर काय होईल याची तितकीच धास्तीही वाटे. रोज सकाळी तिला सगळं सांगायचं ठरवून तो चहाला बसायचा, आणि चहा पिऊन तसाच वर यायचा.

“परत एकदा,” कामिल म्हणाला. “जरा जीव लावून भांड.”

“नीघ,” धैर्यशील ओरडला. “परत तोंड दाखवू नकोस.”

जिन्यावर पाऊल वाजलं. एक पायरी, मग थांबणं, मग दुसरी. धैर्यशीलची आई, जिला अख्खी गल्ली आक्का म्हणते, गुडघ्यांमुळे वर्षभर वर आली नव्हती. ती दारात उभी राहिली तेव्हा तिला दम लागला होता आणि हाताला भाकरीचं पीठ तसंच होतं. मुलाकडे तिने बघितलंही नाही.

“कामिल, जायाचं न्हाय कुठं.”

कामिल उठून उभा राहिला. “आक्का, अवो...”

“ह्यो काय बी बोलंल. चार दिस खाली समदं ऐकू येतंय मला. घर माझं हाय, त्याचं न्हाय.” मग ती मुलाकडे वळली. “आणि तू रं? सात वर्सं ज्याच्याबिगर तुझ्या गळ्याखाली घास उतरत न्हाय, त्याला नीघ म्हणतोस? लाज कशी वाटत न्हाय?”

धैर्यशीलने मनातल्या मनात मोजलं. सात वर्षं. तिचा आकडा बरोबर होता.

“आक्का, ह्ये गाणं हाय,” तो कसाबसा म्हणाला.

“गाणं? मग सूर कुठाय ह्याला?”

“अजून लावला न्हाय,” कामिल म्हणाला आणि अपराध्यासारखा पेटीकडे बघू लागला.

“आमच्या नाटकातलं भांडण हाय,” धैर्यशीलने सांगितलं. “ड्रायव्हरचं आणि कंडक्टरचं.”

“कशापायी भांडत्यात?”

“कंडक्टरचं लगीन ठरवलंय घरच्यांनी. आणि ते दोघं... म्हंजे ड्रायव्हर आणि त्यो...” एरवी शब्दांचा माणूस, पण इथे त्याची गाडी बंद पडली.

“तुमच्यागत,” आक्का म्हणाली.

धैर्यशीलने मान वर करून तिच्याकडे सरळ बघितलं.

“व्हय.”

आक्का कॉटवर टेकली आणि पदराने कपाळ पुसलं. तिचा राग इतक्या लवकर उतरणारा नव्हता. तो आता ड्रायव्हरवर निघाला. “मग त्यो मुडदा त्याला नीघ का म्हणतोय?”

“दुसरं काय म्हणावं ते मला सुचंना झालंय.”

“त्यात सुचायचं काय? मी आत्ता येऊन म्हटलं न्हवं का?”

धैर्यशील येऊन तिच्याजवळ कॉटवर बसला. “रविवारी येशील नाटकाला?” त्याने विचारलं.

“बोलवाय चार दिस लागलं तुला,” आक्का म्हणाली. “पुढची खुर्ची ठेव. मागं बसून मला दिसत न्हाय.”

कामिल पेटीपुढे बसला. त्याने भाता उघडला. “आक्का, मघाशी दारात काय म्हणालासा, ते परत एकदा म्हणा की.”

“जायाचं न्हाय कुठं.”

कामिलचं बोट पहिल्याच वेळी नेमक्या पट्टीवर जाऊन बसलं. धैर्यशीलला ते स्पष्ट दिसलं. सूर सापडला की कामिल डोळे मिटतो, आणि त्याने मिटले होते.

“परत एकदा, आक्का.”

“जायाचं न्हाय कुठं.”

“आणखी एकदा.”

धैर्यशीलने कागदावरचं ‘नीघ’ खोडलं. आक्का वैतागली, पण तिने ते आणखी चारदा म्हटलं.