नेहमीचे चौघं

आपली जागा गेली हे टेलरमास्तरांना कळलं, ते एका माणसाच्या पोटाचं माप घेताना.

माणूस म्हणजे घड्याळजींचा साडू. घड्याळजी स्वतःच त्याला दुकानात घेऊन आले होते. "ह्याचाही एक शिव रे मास्तर. त्याच कापडातला."

म्हणजे रेसचा शर्ट. दर वर्षी मोठ्या रेसला जाताना मास्तर, घड्याळजी, कंपाउंडर आणि ड्रायव्हर असे चौघं मित्र एकाच ताग्यातले शर्ट घालून जायचे. एकदा मैदानावरच्या गर्दीत कंपाउंडर हरवला होता, तेव्हा मास्तरांच्या बायकोनं ही तोड काढली होती. यंदाचं कापड विटकरी होतं. लांबूनही दिसावं म्हणून मास्तरांनीच निवडलेलं.

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. बायको गेल्यापासून घर खायला उठत होतं. पाचवा माणूस आला, हे त्यांना बरंच वाटलं.

"श्वास सोडा, पाहुणे," ते म्हणाले. "आत्ता पोट आत ओढलंत तर घोडा जिंकल्यावर बटणं उडतील."

साडू खदखदून हसला. पोट आपसूक बाहेर आलं. मास्तरांनी आकडा खडूनं टेबलावर लिहिला.

"मग असं करू," ते म्हणाले. "पहाटे अंधारातच निघू. पाहुण्यांना ऐसपैस लागणार, ते पुढं ड्रायव्हरशेजारी बसतील. मागं आपण तिघं दाटीवाटीनं बसू. लवकर पोचलो की लॉजवर अंघोळी उरकायच्या आणि सरळ मैदान गाठायचं. खोलीत पलंग चारच आहेत. पण लॉजवाल्या बाईंकडून एक गादी मागून घेऊ. खाली मी झोपेन, मला कुठंही पडलं तरी चालतं."

"पाच कशाला?" साडू म्हणाला. "चौघंच जाणार ना आपण?" आणि त्यानं घड्याळजींकडे पाहिलं.

घड्याळजी हँगरला लावलेली कुणाची तरी पँट बघायला लागले. तिची शिवण त्यांनी बोटानं चाचपली.

"मी सांगणारच होतो रे तुला."

"कधी?"

"आत्ताच. माप झालं की."

टेप आता साडूच्या कमरेभोवती होती. मास्तरांनी आकडा पाहिला, विसरले, परत पाहिला.

"कंपाउंडरला माहितीय?"

"सगळ्यांनी मिळूनच ठरवलं." घड्याळजींनी आवाज खाली आणला. "राग मानू नकोस. तुझं दुःख आम्हाला कळत नाही असं नाही. पण तू असलास की हसायचीसुद्धा चोरी होते बघ. वर्षातून एक दिवस मिळतो आम्हाला, मास्तर. तू यंदा आराम कर. पुढच्या वर्षी आहेसच की."

"मला तर आत्ताच हसवलं त्यांनी," साडू म्हणाला.

"तू गप रे जरा."

"हात वर करा, पाहुणे," मास्तर म्हणाले. त्यांनी छातीचं माप घेतलं, मग खांद्याचं, मग बाहीचं. एकेक आकडा नीट लिहिला. घड्याळजी दारापर्यंत गेले आणि तिथूनच परत वळले.

"आणि लॉजचं तेवढं तूच बघशील ना? रेसच्या दिवसांत तिथं खोली कुणालाच मिळत नाही. वहिनींचं नाव सांगितलं की बाई नाही म्हणत नाहीत."

मास्तरांनी टेप गुंडाळली. "म्हणजे मी नको. ती चालेल."

"असं लावून बोलू नकोस. खोली नाही मिळाली तर गाडीत झोपावं लागेल. तुझ्याच माणसांना."

"शर्ट परवा न्या," मास्तर म्हणाले.

दोघं गेल्यावर ते मशीनपुढं बसले. गाडीत चौघं अवघडून झोपलेत, साडूचं पोट गिअरला लागतंय, हे त्यांनी डोळ्यांपुढं आणून पाहिलं. थोडा वेळ बरं वाटलं. मग त्यांनी खणातून बायकोचा फोन काढला. तो ते अजूनही चार्ज करून ठेवायचे. लॉजचा नंबर त्यातच होता.

एक घंटी पुरी व्हायच्या आत पलीकडून आवाज आला. "बोला वहिनी. तुमच्याच फोनची वाट बघत होते."

"मी बोलतोय. टेलरमास्तर."

"अगंबाई, आज तुम्ही? नेहमीच्याच खोलीचं ना? ठेवलीय मी बाजूला. काल एक जण अगदी हातापाया पडत होता. म्हटलं, ती आमच्या वहिनींची खोली आहे, दुसरी मागा."

"बरं झालं."

"नेहमीचे चौघंच ना?"

मास्तरांनी टेबलाकडे पाहिलं. खडूचे आकडे ताजे होते.

"नेहमीचेच," ते म्हणाले.

"आणि वहिनींना म्हणावं, इतकी वर्षं नुसतं फोनवर बोलतोय आपण, एकदा तरी तोंड दाखवा. द्या बघू त्यांच्याकडे. मीच झापते."

"बाहेर गेलीय."

"मग आल्यावर करायला सांगा. तुमची तर भेट होईलच."

"हं," म्हणून मास्तरांनी फोन ठेवला. विटकरी कापड पसरलं, साडूच्या मापानं त्यावर खुणा केल्या आणि कात्री उचलली.

खोलीचं झालं. शर्टही वेळेत होतील. बाईंना दोन गोष्टी तेवढ्या सांगायच्या राहिल्या होत्या. बायको गेल्याची, आणि आपण येत नसल्याची.