मेडिकचा बारावा नंबर

"पुन्हा बारावी?" धाकटीने विचारलं.

दादाने मान वर केली नाही. स्क्रीनवर बारा कमांडोंची नावं एकाखाली एक लिहिलेली होती. सगळ्यात वर सुरुंगवाला, सगळ्यात खाली जखमींना उठवणारी मेडिक. सलग चौथ्या हंगामात मेडिक तळाला. धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जाणारच. 'छापा' हा खेळ ती दोन वर्षं फक्त मेडिक घेऊन खेळत होती.

दादाचं कामच ते. खेळ बनवणाऱ्या कंपनीसाठी तो घरबसल्या प्रत्येक कमांडो घेऊन दोनदोनशे सामने खेळायचा आणि हंगाम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी कोण सरस, कोण कच्चा याची यादी पाठवायचा. कंपनी ती लगोलग सगळ्यांसाठी लावायची आणि खेळणारे तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचे.

कशाच्या जोरावर, हे धाकटीला कधी कळलं नाही. मागच्या वेळी दादाने नेमबाजाला पहिला नंबर दिला, तर महिन्याभरात नेमबाजाला कुत्रं विचारेना. त्याआधीची पहिली ड्रोनवाली. तिचंही तेच झालं. आणि तळाला टाकलेली मेडिक घेऊन धाकटीने मात्र भल्याभल्यांना पाणी पाजलं होतं. सुरुवातीला तिची पट्टी बांधून होईपर्यंत सामना संपायचा. आता जखमी गडी चुटकीसरशी उठून उभा राहायचा. नोकरीवरून आल्यावर रोज चार तास घासली होती ती. तरी यादी लागली की लोक तिला 'मलमपट्टी' म्हणून चिडवायला मोकळे.

या वेळी प्रश्न चिडवण्यापुरता नव्हता. शहरातल्या सगळ्यात तगड्या संघात पाचवी जागा रिकामी झाली होती. उद्या सकाळी दहाला चाचणी सामना. एका बाजूला धाकटी, दुसऱ्या बाजूला ढालवाला घेऊन खेळणारा एक गोल चष्म्याचा पोरगा, ज्याला सगळे घुबड म्हणत. जिंकेल तो संघात. धाकटी जिंकली असती तर दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकण्याची नोकरी तिने त्याच दिवशी सोडली असती. पण दुपारी संघाच्या कप्तानाचा फोन आला. मेडिक पुन्हा शेवटी असली तर चाचणीसुद्धा घेता येणार नाही, बाकीचे तिघे ऐकत नाहीत, असं तो म्हणाला. मग जागा सरळ घुबडाची.

हे सगळं तिने दादाला सांगितलं.

"पहिली नको करूस. पाचवी-सहावी कर, बास."

"नाही जमणार."

"का पण?"

"कामाचं घरात बोलायचं नाही, असं कंपनीला लिहून दिलंय मी."

बोलायचं नाही म्हणे. धाकटीला रडू यायच्या बेतात होतं, पण त्याच्यासमोर रडायची तिची तयारी नव्हती.

"बारावी असून आजवर तुझं काय अडलं?" दादा हळूच म्हणाला. "तू हरलीस किती वेळा, ते सांग."

"ती माझ्या हाताची करामत आहे, तुझ्या यादीची नाही."

कप्तानाशी मी बोलतो, चाचणी होईल एवढं बघतो, असं दादा म्हणाला. तेव्हा तर ती आणखी भडकली. भावाच्या शब्दावर संघात शिरलेली, हे आयुष्यभर ऐकून घ्यायचं?

"मला वशिला नकोय, दादा. माझ्या हक्काचं तेवढं दे."

दादाने यादी तशीच उघडी ठेवली. केस कापून येतो, मग एकदा वाचून पाठवतो, असं सांगून तो खाली उतरला.

धाकटीने खोलीत दोन फेऱ्या मारल्या. चुकीचं काय ते सरळ करण्यात कसला आलाय गुन्हा, असं तिने स्वतःला समजावलं. खुर्चीत बसली आणि मेडिकला उचलून पहिल्या नंबरवर नेऊन ठेवलं. एवढं केलंच आहे तर, म्हणून ढालवाल्याला चौथ्यावरून खाली ओढला आणि थेट बारावा केला. मग यादी पाठवून दिली.

दहा मिनिटांत यादी लागली. कप्तानाचा फोन आला.

"पहिली? बरं, दहाला ये. घुबडाने तर घाबरून फोनच बंद ठेवलाय."

किती दिवसांनी तिला इतकं मोकळं वाटत होतं. दादा चिडेल, चार दिवस बोलणार नाही. चालेल. तिने सगळं सहन करायचं ठरवून टाकलं. उद्या एकदा जिंकले की त्यालाही पटेल, मेडिकमध्ये काय दम आहे ते.

तेवढ्यात दादाच्या मशीनवर कंपनीचं उत्तर आलं. पोच असेल म्हणून तिने हसतच ते उघडलं.

"यादी मिळाली. नेहमीप्रमाणे, कोणालाही न कळवता, पहिल्या नंबरच्या कमांडोची ताकद निम्मी केली आहे आणि बाराव्याची वाढवली आहे. दोन्ही बदल उद्या सकाळी आठपासून लागू. तीन हंगाम तळाला राहून फुगलेली मेडिक आता एकदाची जमिनीवर येईल."